गावाला शंभरपैकी मार्क द्यायचे का? शाश्वततेच्या संशोधनातला पेच, अनुभवी लोकांनी सांगा

कोरडवाहू (सोलापूर)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण रिपोर्टची तारीख जवळ आली आणि टीममधलं बोलणं तिथल्या तिथेच फिरतंय म्हणून इथे विचारते. मी समाजशास्त्राची, पीएचडी चालू आहे, आणि सोबत एका प्रोजेक्टवर काम करते. त्यात भूजलवाले, शेती अर्थशास्त्रवाले, जीआयएसवाला (संगणकावर नकाशे करणारा) एक मुलगा आणि मी अशी सरमिसळ टीम आहे. विषय पाणी आणि शेतीची शाश्वतता, गावं सांगोला-मंगळवेढ्याकडची. पैसे देणाऱ्यांना शेवटी एक नकाशा हवाय. प्रत्येक गावाला शंभरपैकी मार्क आणि त्यावरून हिरवं, पिवळं, लाल.

अडचण अशी की त्या मार्कांत 'पाणीसाठा' म्हणून एक रकाना आहे आणि त्यात गावातली शेततळी धरलीत. शेततळी जितकी जास्त तितके मार्क जास्त. ऐकायला बरोबर वाटतं. पण आमच्याकडची बरीचशी शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरतच नाहीत हो, खड्डा खणायचा, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, बोअरला पाणी असतं त्या महिन्यांत मोटर लावून ते भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात डाळिंबाला सोडायचं, म्हणजे जमिनीखालचं जे सगळ्यांचं पाणी ते वर काढून एकाच्या नावावर केलं, आणि आमचा तक्ता त्याला 'साठा वाढला' म्हणून मार्क देतो.

एका गावात आम्ही कच्चा नकाशा दाखवायला नेला होता, मारुतीच्या देवळासमोर, फ्लेक्सवर छापून. गाव हिरवं आलेलं. एक आज्जी बराच वेळ फ्लेक्सवर बोट फिरवत आपली वस्ती शोधत होती. ती सापडल्यावर म्हणाली, "आमचं हिरवं दावलंय, मग आता टँकर बंद करणार व्हय?" तिच्या विहिरीला मार्चमध्येच तळ दिसतो आणि बांधापलीकडच्या शेततळ्यात तेव्हा पाणी असतं. आम्ही तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो नकाशा कोण कशासाठी वापरणार हे आम्हालाच कुणी सांगितलेलं नाही.

टीममध्ये हे मांडलं तर प्रत्येकाचं वेगळं. अर्थशास्त्रवाले म्हणतात उत्पन्न वाढलंय, छाटणीला आणि फळतोडणीला गावातल्याच बायकांना मजुरी मिळते, हे खोटं आहे का? नाही, खरं आहे, मी स्वतः त्या बायकांशी बोललेय. भूजलवाले म्हणतात पातळी खाली चाललीय, बाकी काही सांगू नका. आणि माझ्या मुलाखती आल्या की मीटिंगमध्ये शब्द निघतो 'किस्से'. की हे किस्से बॉक्समध्ये टाकू, रिपोर्ट वाचायला बरा वाटेल. माझा राग इथे आहे. त्या मुलाखतींतूनच कळलं की शेततळं कशानं भरतं, सॅटेलाइटच्या फोटोत तर फक्त निळा चौकोन दिसतो.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. आम्ही बोअरची खोली आणि जीपीएस दोन्ही घेतलंय. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर निर्बंध आहेत, म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे पाचशे-सातशे फुटांची बोअर ही रोजची गोष्ट आहे. लोकांनी विश्वासानं खरी खोली सांगितली. आता अट अशी की सगळा डेटा खुला करायचा, विज्ञान पारदर्शक पाहिजे म्हणून. पारदर्शकतेशी माझं भांडण नाही, पण त्या लोकांनी मला घरात बसवून चहा पाजून सांगितलेली गोष्ट मी नकाशावर टाचणी लावून जगाला दाखवायची का?

आणि तिसरं माझं स्वतःचं. पीएचडी एका विषयात असते, परीक्षक एका विषयाचे असतात. भूजलाचे आलेख घातले तर म्हणणार हे समाजशास्त्र नाही, आणि काढून टाकले तर सांगायचं काय उरतं?

मोठी पोस्ट झाली. ज्यांनी असं मिश्र काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

खडकातलं_पाणी

कोरडवाहू ताई, मी भूजलवाला. आधी तुमच्या बाजूचं बोलतो, मग जरा विरोधात.

शेततळं सरसकट साठ्यात धरणं चूकच आहे, यात मत-मतांतराचा प्रश्नच नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. मुरूम-पाषाण धरून शंभर घनमीटर खडकातून हाताला येणारं पाणी दोन-तीन घनमीटर, बस. वाळूच्या प्रदेशासारखा मोठा साठा इथे खाली नाहीच. म्हणून एका बोअरनं ओढलं की शेजारच्या विहिरीवर लगेच दिसतं. त्यातून ते पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं. ३४ बाय ३४ मीटरचं शेततळं तोंडापर्यंत भरलेलं असेल तर दिवसाला साडेअकरा हजार लिटर नुसतं उडून जातं. गावाला येणारा टँकर साधारण तेवढाच असतो! हा हिशेब तुमच्या टीमपुढे ठेवा, यात किस्सा काही नाही, लांबी गुणिले रुंदी आहे.

हे पाणी जमिनीखाली होतं तेव्हा उडत नव्हतं. म्हणजे बोअरवर भरलेलं शेततळं साठ्याच्या रकान्यात नाही, उपशाच्या रकान्यात गेलं पाहिजे. आणि ओढ्याच्या पाण्यानं भरणारं असेल, २०१६ ची मागेल त्याला शेततळे योजना ज्या कल्पनेवर आली तसं, तर ते साठ्यात. रकाना एकच ठेवलात तर दोन उलट गोष्टींची बेरीज होते.

आता विरोधात. मुलाखतीत "पूर्वी पाणी होतं, आता आटलं" एवढंच लिहून आणलं जातं तेव्हा माझ्यासारख्याला त्याचं काही करता येत नाही. पूर्वी म्हणजे कधी? ७२ च्या दुष्काळाआधी, की २०१२ च्या? कुठल्या महिन्यात आटायचं? कुठली विहीर, किती परस (विहिरीची खोली मोजायचं जुनं माप)? लोकांना हे आठवतं, नक्की आठवतं, लग्न कुठल्या साली झालं आणि तेव्हा मोट चालू होती की इंजिन आलं होतं असं विचारलं की वर्ष निघतं. तुमच्या विषयातले लोक हे आमच्यापेक्षा दहापट चांगलं काढू शकतात, पण बऱ्याच वेळा काढत नाहीत कारण त्यांना 'पाण्याची भावना' हवी असते. मला साल आणि महिना हवा असतो. तेवढं मिळालं तर तुमची मुलाखत माझ्या आलेखातला बिंदू होते, मग बॉक्समध्ये कोण टाकेल?

अजून एक, प्रोजेक्ट किती वर्षांचा? तीनच असेल तर शाश्वत-अशाश्वत हा निकाल देऊच नका. आपला जिल्हा साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास सरासरीचा, आणि पाऊस वर्षागणिक फार कमी-जास्त. उजनी बघा ना, ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण, त्यात ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, टक्के मोजताना ते धरत नाहीत, एका पावसाळ्यात शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि पुढच्याच उन्हाळ्यात उणे. तुमची तीन वर्षं चांगल्या पावसाची निघाली तर सगळा तालुका हिरवा दिसेल.

---

बेरीज_वजाबाकी

मी आकडेवारीवाला आहे, असे निर्देशांक बनवण्याचं काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. निर्देशांकाला शिव्या देणं सोपं असतं.

एकच आकडा का लागतो? तालुक्यात शंभरेक गावं आहेत आणि पैसे दहा गावांपुरते, तर निवड कशी करायची? आकडा नसेल तर निवड होतच नाही असं नाही, निवड होते, ज्याची ओळख जास्त त्याच्या गावाची. आकड्यावर निदान भांडता येतं. तुम्ही आत्ता भांडताय ते आकडा समोर आहे म्हणूनच.

पण तो बनवायचा कसा हा खरा प्रश्न, आणि तिथे तुमच्या टीमनं बहुतेक सरळ सरासरी काढली असणार. सरळ सरासरीत एक गृहीतक लपलेलं असतं, की एका बाजूची भर दुसऱ्या बाजूची तूट भरून काढते. उत्पन्न ९०, शिक्षण ९०, भूजल १०, सरासरी ६३, गाव हिरवं! डाळिंबाच्या पैशांनी भूजल विकत आणता येतं असं त्या बेरजेनं गपचूप म्हटलं. हाच वाद शाश्वततेच्या अर्थशास्त्रात कितीतरी वर्षं चालू आहे, निसर्गाची भांडवलानं भरपाई होते म्हणणारे एकीकडे आणि काही गोष्टींची होतच नाही म्हणणारे दुसरीकडे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकालाही हीच अडचण होती, १९९० पासून ते सरळ सरासरी घ्यायचे, २०१० मध्ये गुणोत्तरी सरासरीवर आले, म्हणजे आकडे बेरजेऐवजी गुणायचे आणि त्याचं मूळ काढायचं. वरच्याच आकड्यांची गुणोत्तरी सरासरी काढा, ४३ येते. गाव हिरव्यातून बाहेर.

त्याहून चांगलं म्हणजे उंबरठा ठेवा. भूजलाचा आकडा अमुकच्या खाली गेला तर बाकी काही असो, गाव हिरवं होणार नाही. हा उंबरठा कुठे ठेवायचा हे मात्र गणित सांगत नाही. ते तुम्हाला सगळ्यांना बसून ठरवावं लागेल आणि ठरवलं हे रिपोर्टात लिहावं लागेल. मला वाटतं टीममधली खरी मारामारी इथे आहे, प्रत्येकजण आपापल्या विषयाच्या नावाखाली कशाला किती वजन द्यायचं ते भांडतोय.

---

डाळिंबवाला

मी सांगोला तालुक्यातला शेतकरी. वाचत बसलो होतो, पण आता लिहितोच.

ताई तुमचं शेततळ्याचं खरं हाय, मी नाय म्हणत न्हाई. माझं बी शेततळं बोअरवरच भरतंय. पण तुम्ही सगळे बोलायलेत ते असं की शेततळं काढणारा माणूस पाणीचोर. जरा आमचं बी ऐका. डाळिंबाला एकरी किती पैसा घातलेला असतो म्हाईत हाय का? रोपं, खड्डे, ड्रिप, औषधं. तेल्या आला की बाग डोळ्यादेखत काळी पडती, मर रोग आला की झाडं वाळून जात्यात, लोकांनी कुऱ्हाड लावून बागाच्या बागा काढल्या. ह्या सगळ्यातून वाचली तर फळ धरलेलं असताना पंधरा दिवस पाणी चुकलं की फळ तडकतं. मग ते फळ कोण घेणार? कर्ज अंगावर असताना मी पाणी जमिनीखाली ठेवून कुणाच्या भरवशावर बसू? मी न्हाई ओढलं तर शेजारी ओढतोय. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर मी पहिला थांबंन, हे मनापासून सांगतो, पण एकट्यानं थांबलो तर माझी बाग जाती आणि पाणी काय वाचत न्हाई.

सर्वेवाले लई येत्यात आमच्याकडं. त्याच त्याच गोष्टी. जमीन किती, जनावरं किती, बोअर किती फूट. अर्धा दिवस जातो, फवारणी राहती. पुढं त्याचं काय झालं कुणी सांगाय येत न्हाई. तुम्ही फ्लेक्स घेऊन परत आलात हेच लई झालं, खरंच.

आणि बोअरची खोली नकाशावर टाकू नका. हात जोडून सांगतो. उद्या कुणी अधिकारी आला तर ज्यानं खरं सांगितलं तो अडकंल आणि ज्यानं खोटं सांगितलं तो सुटंल. मग परत कुणी खरं सांगणार न्हाई, तुम्हाला बी न्हाई आणि पुढं येणाऱ्याला बी न्हाई.

---

कोरडवाहू (सोलापूर)

दादा, तुम्ही लिहिलंत हे खूप बरं झालं. "मी न्हाई ओढलं तर शेजारी ओढतोय" हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळालं, आणि शेततळेवाल्याला खलनायक करून रिपोर्ट लिहायचा नाही हे माझ्या मनात पक्कं आहे. ज्यांचं शेततळं नाही त्यांच्यातल्याही कितीतरी जणांना शेततळं हवंच आहे, पैसे नाहीत म्हणून नाही. अर्थशास्त्रवाल्या सरांना हेच सांगायचं होतं बहुतेक, मी त्या दिवशी चिडलेली होते.

बेरीज_वजाबाकी, उंबरठ्याची कल्पना पटली. पण उंबरठा ठरवायला कोण बसणार? टीमच्या मीटिंगमध्ये ती आज्जी नसते, डाळिंबवाले दादा पण नसतात.

खडकातलं_पाणी, साल-महिन्याचं अगदी मान्य. ४०-४५ मुलाखती आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे परत जाऊन हे विचारता येईल.

---

जुनी_वही

या धाग्यावर तरुण मंडळी इतकं मनापासून बोलताहेत हे बघून लिहावंसं वाटलं. माझं सगळं आयुष्य गावपातळीवरच्या अभ्यासात गेलं, आता निवृत्त आहे.

सोलापूर जिल्ह्याला या बाबतीत एक मोठी परंपरा आहे आणि आपल्याच मुलांना ती माहीत नसते. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९७५ मध्ये कोरडवाहू भागातल्या गावांचा अभ्यास सुरू केला, सुरुवातीच्या सहा गावांपैकी दोन आपली, मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. तिथे माहिती गोळा करणारे लोक गावात राहायचे. येऊन फॉर्म भरून जायचे नाहीत, राहायचे. त्याच घरांकडे महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष. अर्थशास्त्र, शेतीशास्त्र आणि माणसाचा अभ्यास हे एकाच घराच्या वहीत एकत्र आले, म्हणून ती माहिती जगभर वापरली गेली. मुद्दा असा की वेगवेगळ्या विषयांचं एकत्र येणं मीटिंगमध्ये होत नाही, एकाच ठिकाणी एकाच गोष्टीकडे पुष्कळ काळ बघितल्यानं होतं. तुमच्याकडे भूजलवाला वेगळ्या विहिरी मोजतो, अर्थशास्त्रवाला वेगळी घरं निवडतो आणि तुम्ही तिसऱ्याच माणसांशी बोलता, असं असेल तर शेवटी ते जुळणार कसं? तीच घरं, त्याच विहिरी. निदान थोड्या तरी.

दुसरं उदाहरण माळढोक पक्ष्याचं. १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकासाठी अभयारण्य झालं, क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं, त्यात गावंच्या गावं, शहरं, लोकांची खाजगी शेतं. पक्षी वाचवायचा हा हेतू सोन्यासारखा. पण जमिनीचे व्यवहार अडले, विहीर-रस्ता-कारखाना प्रत्येक गोष्टीला परवानगी, आणि लोकांच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याबद्दलच अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, तोवर पक्षी जवळपास संपला होता. आणि ज्या उघड्या गवताळ माळावर तो जगतो त्याची सरकारदरबारी नोंद पडीक म्हणून, त्यामुळे माळावर झाडं लावणं म्हणजे पर्यावरणाचं काम असाच समज होता. झाडं लावणारा चांगल्या मनानं लावत होता. पक्षीशास्त्र, महसूल आणि वनशास्त्र हे तिघे एका माळावर उभे होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

आज तोच पक्षी राजस्थानात सौरऊर्जेच्या वीजतारांना धडकून मरतोय. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हणून आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून समितीकडे विषय दिला, कारण सगळ्या तारा खाली घालणं जमणार नाही आणि सौरऊर्जाही हवामानासाठी हवीच असं म्हणणं पुढे आलं. दोन्ही बाजू शाश्वततेच्याच! कुठलाही एक आकडा हे भांडण मिटवू शकत नाही. मिटवल्याचं दाखवू शकतो फक्त, आणि त्याची मला भीती वाटते.

म्हणून माझं स्पष्ट मत, टीममध्ये एकमत झालं नाही तर मतभेद रिपोर्टात छापा. उत्पन्न वाढलं हे छापा, पातळी खाली गेली हे छापा, आणि कुणाचं वाढलं नि कुणाची विहीर आटली हेही त्याच पानावर छापा. घोटून एकजीव करू नका.

पीएचडीबद्दल. प्रश्न तुमच्या विषयाचा ठेवा. "शेततळ्यांमुळे भूजल किती घटलं" हा तुमचा प्रश्न नाही, परीक्षक फाडून खातील. "सामाईक पाणी खाजगी कसं होतं आणि गावात ते कुणाला चालतं, कुणाला चालत नाही" हा समाजशास्त्राचाच प्रश्न आहे, त्यात भूजलाचे आलेख पुरावा म्हणून येऊ द्या, ज्यांनी काढले त्यांच्या नावानिशी. एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या, काम केलं सिंचन, जंगलं, मासेमारी अशा सामाईक गोष्टींवर, आणि २००९ चं नोबेल मिळालं अर्थशास्त्राचं. प्रश्न घट्ट असेल तर विषयाच्या भिंती आड येत नाहीत. आणि कुठल्या पेपरवर कुणाचं नाव कितवं हे आत्ताच लेखी ठरवून घ्या बाळा, नंतर मनं तुटतात.

---

फाइल_क्रमांक

सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून. मी सरकारी नोकरीत आहे, असे रिपोर्ट आमच्या टेबलावर येतात. मतभेद छापलेला रिपोर्ट साहेबांकडे गेला की पहिला प्रश्न येतो, "तज्ज्ञांचंच ठरलेलं नाही मग आम्ही काय करायचं?" आणि फाइल बाजूला. नकाशा असेल तर तो बैठकीत पडद्यावर लागतो. म्हणून ताईंनी नकाशाला विरोध करण्यापेक्षा नकाशा एकाऐवजी तीन द्यावेत. पिण्याच्या पाण्याचा वेगळा, शेतीच्या उत्पन्नाचा वेगळा, भूजल पातळीचा वेगळा. शेजारी शेजारी एकाच पानावर. टँकरचा निर्णय घेणाऱ्यानं पहिला बघायचा. त्या आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं, उत्पन्नाच्या हिरव्या रंगानं टँकर बंद होता कामा नये. आणि नकाशाखालीच एक ओळ मोठ्या अक्षरात टाका की हा नकाशा कशासाठी वापरू नये.

---

बेरीज_वजाबाकी

तीन नकाशे +१. बेरीज न करणं हाही एक चांगला निर्देशांकच आहे.

फक्त गावपातळीचा रंग वस्तीपातळीला लावू नका. गाव हिरवं असून आज्जीची वस्ती कोरडी ही सरासरीचीच करामत आहे. पिण्याच्या पाण्याचा नकाशा तरी वाडी-वस्तीनुसार करा.

डेटाचं म्हणाल तर खुला करायचा आणि माणूस झाकायचा हे दोन्ही जमतं. जीपीएस काढून टाका, बोअरची खोली नेमकी न देता गट करा, दोनशे फुटांपर्यंत, दोनशे ते... थांबा, नाही, दोनशेवर गट तोडलात तर कायद्याची रेष आयतीच दिसते. गट वेगळ्या जागी तोडा, आणि जिथे गटात चार-पाचच बोअर येतात तिथे आकडा देऊच नका. लहान गावात 'पाच एकर डाळिंब, दोन बोअर' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

---

खडकातलं_पाणी

याला माझा अर्धाच पाठिंबा. जीपीएस काढलं की माझ्या विषयाचं काम संपलं, कुठली विहीर ओढ्याच्या वर आणि कुठली खाली हेच कळणार नाही. पाणी गावाच्या शिवेप्रमाणे वाहत नाही, पाणलोटाप्रमाणे वाहतं. दहा वर्षांनी कुणाला त्याच विहिरी परत मोजायच्या असतील तर? म्हणून नेमक्या जागा टीमकडे किंवा एखाद्या विद्यापीठाकडे बंद ठेवा, कुणाला हव्या असतील त्यानं कारण लिहून मागाव्यात आणि गावाला कळवून मगच द्याव्यात. पैसे देणाऱ्यांना हे चालतं, विचारावं लागतं फक्त. डाळिंबवाले दादांचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, एकदा खोटी खोली सांगायची सवय लागली की पुढची सगळी मोजणी वाया.

---

डाळिंबवाला

हे चालंल. पण गावाला कळवायचं म्हंजे ग्रामपंचायतीला पत्र टाकायचं असं करू नका, ते पत्र कपाटात जातं. ज्याचं बोअर त्याला फोन करा.

आणि उंबरठा ठरवाय कोण बसणार म्हणून ताईंनी विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं न्हाई. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत केली, त्यात पाणी जमिनीवर नव्हतं, माणसांवर होतं, माणशी अर्धा एकर, भूमिहीनाला बी हक्क, आणि ऊस बंद. ७२ च्या दुष्काळानंतरचं काम हाय ते. हे ठरवताना तिथं गाव बसलं होतं. आमच्या गावात असं होईल का मला म्हाईत न्हाई, उपशाचं पाणी वाटणं आणि जमिनीखालचं पाणी वाटणं ह्यात फरक हाय, बोअरला कुलूप कोण लावणार. पण तुम्ही तुमची मोजलेली पातळी घेऊन या, जूनच्या आधी या, तवा पाणी नसतं आणि लोकांना बोलाय टाइम असतो. शेततळेवाले आणि विना-शेततळेवाले दोन्ही बोलवा. भांडणं होतील, होऊ द्या.

---

कोरडवाहू (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टीमची मीटिंग झाली, काय झालं ते सांगते.

बोअरवर भरणारं शेततळं उपशात धरायचं हे मान्य झालं. बाष्पीभवनाचा हिशेब फळ्यावर लिहिल्यावर कुणी काही बोललंच नाही. कशानं भरतं ते सॅटेलाइटवरून कळत नाही म्हणून पाहणीत दोन प्रश्न वाढवतोय आणि ते मुलाखतींशी ताडून बघणार, म्हणजे किस्से आता मुख्य तक्त्यात आले. तीन नकाशे द्यायला अर्थशास्त्रवाले सर लगेच तयार झाले, पण पैसे देणाऱ्यांकडून अजून होकार नाही, त्यांना एकच पाहिजे आहे, त्यांच्याशी बोलणं व्हायचंय. मी स्पष्ट सांगितलं की एकच द्यायचा असेल तर आधी तो त्या गावात परत नेऊन दाखवायचा, आणि गाव 'हे आमचं चित्र नाही' म्हणालं तर तेही छापायचं. यावर टीममध्ये दोन तट पडलेत. भूजलवाले माझ्या बाजूनं आहेत, याचं मला फार बरं वाटलं.

जागांचा डेटा बंद ठेवायचा, फोन करून विचारायचं, हे ठरलं.

खडकातलं_पाणी, एक शेवटचं विचारायचं होतं. जूनच्या आधी गावात बैठक घ्यायची तर लोकांपुढे पातळीचा आलेख कुठल्या महिन्यांचा ठेवू? बारा महिन्यांचा ठेवला तर कुणी बघणार नाही.

---

खडकातलं_पाणी

ऑक्टोबर आणि मे, दोनच. पावसाळा संपल्यावर किती होतं आणि उन्हाळा संपताना किती उरलं. मीटरमध्ये नको, परसात सांगा. आणि आलेख नको, त्यांच्याच विहिरींची नावं घाला, देवळाजवळची, वस्तीवरची, माळावरची, प्रत्येकीपुढे दोन आकडे. विहिरीचं नाव घालायच्या आधी मालकाला विचारा. त्या आज्जीची विहीर यादीत घ्यायला विसरू नका.